संस्थेतला बदल आणि नवं तंत्रज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामाजिक संस्थेत नवी प्रणाली आणताना संचालक, कार्यकर्ते, हिशेबनीस आणि विश्वस्त जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. संस्था जिथे खरोखर अडकतात तिथे जास्त लिहिलं आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात. उत्तरं वाचताना एक प्रश्न मात्र सतत समोर ठेवा, कारण आमच्या अनुभवात बहुतेक गाठी त्याच्यापाशीच सुटतात: जो माणूस माहिती भरतो, त्याच्या हाती परत काय पडतं?

आम्हाला संस्थेचं काम ‘डिजिटल’ करायचं आहे. सुरुवात कुठून करायची?

एका कागदापासून. संस्थेत सर्वांत जास्त वापरला जाणारा एक फॉर्म घ्या. भेटीची नोंद, हजेरीपत्रक, देणगीची पावती, काहीही चालेल. तो कोण भरतं, कुठे बसून भरतं, मग तो कुणाकडे जातो, तिथे कुठल्या वहीत उतरवला जातो, त्यावरून एक्सेल कोण भरतं आणि शेवटी ते कोण वाचतं, हा सगळा प्रवास त्या कागदासोबत स्वतः फिरून पाहा. बैठकीत विचारून हे कळत नाही. बैठकीत माणसं पद्धत कशी असायला हवी ते सांगतात. कामाच्या ठिकाणी ती कशी आहे ते दिसतं.

या फेरीत काही गोष्टी हमखास सापडतात. एकच नाव तीन ठिकाणी लिहिलं जातं. काही रकाने वर्षानुवर्षं भरले जातात आणि ते कुणीच वाचत नाही. आणि कार्यकर्तीच्या पिशवीत एक स्वतःची डायरी असते, जिच्यात कामाची खरी माहिती असते. तिची परवानगी घेऊन ती डायरी नीट पाहा. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, लागतं म्हणून तिने ते लिहून ठेवलेलं आहे. नव्या प्रणालीचा कच्चा आराखडा त्या पानांवर जवळजवळ तयार असतो.

न वाचले जाणारे रकाने तंत्रज्ञान आणण्याआधीच काढून टाका. कागदावरचा निरुपयोगी प्रश्न मोबाइलवर गेला की तो अनिवार्य होतो, आणि मग माणसं तिथे काहीतरी भरून पुढे जायला शिकतात.

कंपन्यांसाठी तयार झालेल्या बदल-व्यवस्थापनाच्या पद्धती आम्हाला चालतील का?

काही चालतील, पण जशाच्या तशा नाही. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या १९४७ च्या लेखनातून आलेली तीन टप्प्यांची कल्पना आजही उपयोगी आहे: घट्ट बसलेली सवय आधी सैल करायची, मग बदल करायचा, आणि नवी घडी पक्की बसवायची. संस्था मधलाच टप्पा करतात. आधीचा टप्पा वेळ नाही म्हणून सुटतो आणि नंतरचा निधी संपला म्हणून.

व्यवस्थापनाचे अभ्यासक जॉन कॉटर यांनी १९९५ मध्ये बदलाचे प्रयत्न कुठे फसतात याची आठ कारणं मांडली. त्यातलं पहिलं म्हणजे पुरेशी निकड निर्माण न करणं. इथे आमचं मत वेगळं आहे. सामाजिक संस्थेत निकडीची कमतरता क्वचितच असते. आधीच दमलेल्या माणसांवर ‘आत्ता बदललो नाही तर संपलो’ असा दबाव आणला तर ती कोसळतात किंवा निघून जातात. त्यांना निकडीपेक्षा उसंत द्यावी लागते: नवं शिकण्याच्या महिन्यात दुसरं एखादं काम कमी करून.

आणखी दोन फरक लक्षात घ्या. कंपनीत ज्याला सेवा मिळते तोच साधारणपणे पैसे देतो. संस्थेत पैसे एक देतो, सेवा दुसऱ्याला मिळते आणि माहिती तिसरा भरतो. प्रणाली कुणासाठी हा प्रश्न त्यामुळे सोपा राहत नाही. दुसरं म्हणजे इथे हुकमाने फारसं चालत नाही. कमी मानधनावर किंवा विनामोबदला काम करणारा माणूस कामावरच्या श्रद्धेपोटी आलेला असतो. नवी पद्धत त्या श्रद्धेच्या आड येते असं त्याला वाटलं, तर तो भांडणार नाही, हळूहळू येणं बंद करेल.

जुने कार्यकर्ते विरोध करतात. त्यांचं मन कसं वळवायचं?

‘विरोध’ हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा आणि ते नेमकं काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. साधारण अशी वाक्यं मिळतील: ‘मोबाइल बाहेर काढला की समोरची बाई बोलायची थांबते.’ ‘तिथे रेंज नसते.’ ‘मला या वयात हे जमायचं नाही.’ ‘आमच्यावर नजर ठेवायला हे आणलंय.’

या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही ‘विरोध’ या एका खात्यात टाकल्या तर एकही सुटत नाही.

पहिल्या वाक्यात कित्येक वर्षांच्या कामाची जाण आहे. ती बाई का थांबते ते कार्यकर्तीला कळतं, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला कळत नाही. भेट संपल्यावर बाहेर येऊन नोंद करायची मुभा द्या, भेटीदरम्यान विचारायचे प्रश्न कमी करा. रेंजची तक्रार खरी असेल तर ऑफलाइन चालणारं आणि नंतर सिंक होणारं, म्हणजे रेंज आली की साठलेल्या नोंदी पाठवणारं साधन घ्या, आणि ते खरंच तसं चालतं का हे विमान मोड लावून स्वतः तपासा.

तिसरं वाक्य सर्वांत नाजूक. वीस वर्षं ज्या माणसाला सगळे विचारायला येतात, तो एका सकाळी सगळ्यांत मागे पडलेला विद्यार्थी होतो, तेही काल रुजू झालेल्या मुलामुलींसमोर. ‘जमायचं नाही’ यात पुष्कळदा ‘माझी शोभा होईल’ हे दडलेलं असतं. अशा माणसाला गटात शिकवू नका. त्याच्या सोयीच्या वेळी, त्याच्या जागी, त्याने स्वतः निवडलेल्या माणसाकडून शिकू द्या. विल्यम ब्रिजेस यांनी बदल आणि स्थित्यंतर यांत फरक केला होता. बदल बाहेर घडतो, स्थित्यंतर माणसाच्या आत, आणि त्याची सुरुवात काहीतरी सोडून देण्यापासून होते. जुन्या कार्यकर्त्याला सोडावी लागते ती वही नव्हे, त्या वहीमुळे मिळालेला मान. तो मान नव्या पद्धतीत कुठे असेल हे ठरवणं हे संचालकांचं काम आहे.

चौथ्या वाक्याला सरळ उत्तर द्या. अ‍ॅप नोंदीची वेळ आणि ठिकाण साठवतं का? ते कोण पाहणार? त्यावरून पगार किंवा मानधन कापलं जाणार का? उत्तर ‘हो’ असेल तर आधी सांगा. ‘नाही’ असेल तर लिहून द्या आणि तो पर्याय बंद करा. नंतर कुणाला परस्पर कळलं, तर पुढची दहा वर्षं कुठलीही नवी गोष्ट संशयानेच पाहिली जाईल.

माणसं नवी गोष्ट कशी स्वीकारतात यावरचा एक जुना आणि फार शिकवणारा अभ्यास शेतीतला आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या २५९ शेतकऱ्यांनी संकरित मक्याचं बियाणं कसं स्वीकारलं ते तपासून १९४३ मध्ये प्रसिद्ध केलं. बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती. पण ते पेरावं हे पटवण्यात सर्वांत मोठा वाटा शेजाऱ्याचा होता. पुढे १९६२ मध्ये एव्हरेट रॉजर्स यांनी अशा अनेक अभ्यासांवरून एक चौकट मांडली: नव्या गोष्टीचा फायदा दिसतो का, ती आपल्या रीतीत बसते का, ती किती अवघड वाटते, थोडी करून पाहता येते का, आणि दुसऱ्याला झालेला लाभ डोळ्यांना दिसतो का.

म्हणून प्रात्यक्षिकाला मुख्य कार्यालयातला संगणक-तज्ज्ञ पाठवू नका. ज्याचं म्हणणं सगळे ऐकतात आणि जो सुरुवातीला साशंक होता, असा कार्यकर्ता शोधा. त्याला पहिले दोन महिने प्रणाली वापरू द्या, तिच्यात बदल सुचवू द्या, ते बदल खरोखर करा, आणि मग त्याच्या अडचणींसकट त्यालाच बोलू द्या.

विरोध कुणीच करत नाही. सगळे ‘हो’ म्हणतात, पण वापरत कुणी नाही. का?

हा वरच्यापेक्षा कठीण प्रकार. जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये गटाने वापरायची सॉफ्टवेअर का फसतात याचा शोध घेतला. त्यांचं एक उदाहरण सामायिक कॅलेंडरचं होतं. बैठक ठरवणाऱ्या वरिष्ठांना त्याचा फायदा होता. पण तो मिळण्यासाठी बाकी सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर भरत राहायचं होतं, आणि त्यांना त्या बदल्यात काहीच मिळत नव्हतं. कष्ट एकाचे, लाभ दुसऱ्याला. अशी रचना टिकत नाही.

सामाजिक संस्थांच्या बहुतेक माहिती-प्रणाली नेमक्या अशाच असतात. कार्यकर्ती रात्री उशिरापर्यंत बसून नोंदी भरते, त्यातून मुख्य कार्यालयात डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचा फलक, रंगतो, देणगीदाराला अहवाल जातो. तिला स्वतःला काय मिळतं? ‘तुमच्या नोंदी अपूर्ण आहेत’ असा संदेश.

उपाय स्पष्ट आहे, फक्त क्रम उलटा करावा लागतो. भरणाऱ्याला मिळणारी गोष्ट आधी बांधा, अहवाल नंतर. उद्या कुणाकुणाकडे जायचं आहे याची आपोआप तयार झालेली यादी. कुणाचा पुढचा डोस किंवा हप्ता राहिला आहे याची आठवण. सहा महिन्यांपूर्वीच्या भेटीत काय ठरलं होतं ते क्षणात सापडणं. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे महिनाअखेरीचा अहवाल नोंदींमधून आपोआप निघणं, म्हणजे तो पुन्हा लिहावा लागणार नाही. यातली एक जरी गोष्ट पहिल्या आठवड्यापासून मिळाली, तर पाठपुराव्याचे फोन निम्म्याने कमी झालेले आम्ही पाहिले आहेत.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं की प्रणाली वापरायला सोपी वाटणं महत्त्वाचं असलं, तरी ती आपल्या कामाला उपयोगी वाटणं त्याहून जास्त वजनाचं ठरतं. म्हणूनच किचकट असूनही एखादं साधन लोक निष्ठेने वापरतात, आणि देखणं अ‍ॅप तसंच पडून राहतं.

वही आणि अ‍ॅप दोन्ही किती दिवस चालवायचं?

ठरलेल्या तारखेपर्यंत, आणि ती तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करून. एक पूर्ण अहवाल-चक्र, म्हणजे साधारण एक ते तीन महिने, दोन्ही चालू ठेवावं. त्या काळात दोन्हींतले आकडे जुळतात का ते तपासावं आणि चुका दुरुस्त कराव्यात. त्यानंतर वही बंद.

‘असू द्या, जोडीला’ म्हणून वही चालू ठेवणं हा सर्वांत महाग निर्णय असतो. दुप्पट काम तर होतंच, शिवाय संस्थेचा नव्या प्रणालीवर विश्वास नाही हे सगळ्यांना न सांगता कळतं. मग अ‍ॅपमध्ये घाईने भरलं जातं आणि खरी माहिती वहीतच राहते. वही बंद करताना ती अडगळीत फेकू नका. तिच्यात माणसांच्या आयुष्यांच्या नोंदी आहेत आणि ती लिहिणाऱ्यांचे कष्ट आहेत. ती नीट जपून ठेवा, आणि ती कुठे ठेवली आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या.

जुनी सगळी माहिती नव्या प्रणालीत भरावी का?

सगळी नको. चालू असलेली प्रकरणं आणि ज्यांच्याशी आजही संबंध आहे अशा व्यक्ती आणा. बाकी जुन्या फायली एका सुरक्षित ठिकाणी वाचता येतील अशा ठेवा. आणण्याआधी एकाच व्यक्तीच्या दोनदोन नोंदी निवडून काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते त्या माणसांना ओळखणाऱ्याच कुणीतरी करावं लागतं, कारण एकसारख्या नावाच्या दोन बायका एकच की वेगळ्या, हे यंत्राला सांगता येत नाही.

एक्सेलवर सगळं चाललंय. ते बदलायलाच हवं का?

मुळीच नाही. लहान संस्थेसाठी एक नीट ठेवलेली शीट चांगली असते. अडचण कधी सुरू होते ते ओळखा: ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरी’ अशा नावांच्या फायली दिसू लागल्या, एकाच वेळी अनेकांना भरावं लागू लागलं, संवेदनशील माहिती ईमेलवरून फिरू लागली, किंवा शीटमधली सूत्रं एकाच माणसाला कळतात असं झालं, की वेळ आली.

एक उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६,००० बाधितांच्या नोंदी काही दिवस अधिकृत आकड्यांत आल्याच नाहीत. माहिती एकत्र करताना एक्सेलचा जुना फाइल-प्रकार वापरला होता आणि त्यात एका शीटवर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. पुढच्या ओळी गळून पडल्या. आकडे उशिरा कळले हा त्यातला लहान भाग. त्या बाधितांच्या संपर्कातल्या माणसांचा शोधही तेवढाच उशिरा सुरू झाला.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

एकच नाव सगळ्यांना लागू पडत नाही. क्षेत्रात जाऊन माहिती गोळा करायची असेल तर ओडीके आणि त्याच्यावर आधारलेलं कोबो-टूलबॉक्स ही मुक्त (ओपन-सोर्स) साधनं जगभर वापरात आहेत. ओडीकेची सुरुवात २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झाली, आणि दोन्ही ऑफलाइन चालतात. एकाच व्यक्तीचा अनेक भेटींमधून पाठपुरावा करायचा असेल तर कॉमकेअर पाहा. आरोग्याची आकडेवारी अनेक केंद्रांतून एकत्र करायची असेल तर ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने वाढलेलं डीएचआयएस-२ आहे. देणगीदार आणि सदस्य सांभाळण्यासाठी सिव्हीसीआरएम हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट पात्र संस्थांना काही सेवा मोफत किंवा सवलतीत देतात.

निवडताना वैशिष्ट्यांची लांबलचक यादी बाजूला ठेवून हे विचारा: आमच्या भाषेत फॉर्म आणि सूचना दिसतील का? आमच्याकडे आहेत त्याच साध्या फोनवर चालेल का? प्रश्न बदलायचा झाला तर आम्ही स्वतः बदलू शकू, की दर वेळी कुणाला तरी बोलवावं लागेल? आणि उद्या सोडून जायचं ठरवलं, तर आमची सगळी माहिती दुसरीकडे वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येईल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. खरेदीआधीच नमुन्याची माहिती भरून ती बाहेर काढून दाखवायला सांगा.

धर्माच्या गायीचे दात पाहू नयेत म्हणतात. मोफत सॉफ्टवेअरचे जरूर पाहावेत, कारण तिच्या वैरणीचा खर्च दर महिन्याला आपल्यालाच करायचा आहे: मांडणी, शिकवणं, दुरुस्ती, बॅकअप आणि ते सगळं पाहणाऱ्या माणसाचा पगार.

विश्वस्त म्हणतात, ‘हा प्रशासकीय खर्च आहे, तो कमीच हवा.’ काय सांगायचं?

अ‍ॅन गोगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये या दुष्टचक्राचं फार नेमकं वर्णन केलं. देणगीदारांना प्रशासकीय खर्चाबद्दल अवास्तव अपेक्षा असतात. संस्था त्या पूर्ण करण्यासाठी खर्च कमी करतात आणि कागदावर त्याहूनही कमी दाखवतात. त्यामुळे अपेक्षा आणखी पक्क्या होतात आणि संस्था आतून उपाशी राहते. जुने संगणक, शिकवणारं कुणी नाही, हिशेब ठेवायला पुरेशी माणसं नाहीत.

विश्वस्तांशी बोलताना ‘तंत्रज्ञान’ या शब्दाऐवजी तास मोजून न्या. एका महिन्यात किती कार्यकर्ते किती तास एकच माहिती पुन्हा लिहिण्यात घालवतात? त्या तासांत किती भेटी झाल्या असत्या? हा आकडा तुमच्याच संस्थेतून, एका आठवड्याच्या नोंदीतून काढता येतो, आणि कुठल्याही सादरीकरणापेक्षा तो जास्त बोलतो.

अंदाजपत्रकात परवाना आणि यंत्रं यांच्यापलीकडच्या ओळी ठेवा: पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण, दुसऱ्या वर्षाचं पुन्हा प्रशिक्षण, फुटलेले फोन, इंटरनेट, आणि प्रणाली सांभाळणारी व्यक्ती. नव्या प्रकल्पाच्या प्रस्तावात यातला वाटा त्या प्रकल्पाचाच खर्च म्हणून मागा. तो तसा आहेच.

देणगीदार स्वतःचंच अ‍ॅप वापरायला सांगतात. आमच्याकडे असे तीन देणगीदार आहेत.

माहिती एकदाच गोळा व्हावी आणि अहवाल हवे तेवढे निघावेत, हे तत्त्व त्यांच्यापुढे करार होण्याआधी ठेवा. करारानंतर ते मांडायला फार उशीर झालेला असतो. ‘तुम्हाला हव्या त्या रचनेत आम्ही दर महिन्याला फाइल देऊ’ हा प्रस्ताव अनेकदा मान्य होतो. नाहीच झाला, तर त्या जादा नोंदीसाठी लागणाऱ्या माणसाचा खर्च मागायला संकोच करू नका.

आमचा पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावरचा पहिला प्रयोग, यशस्वी झाला, पण पुढे काहीच घडलं नाही.

पायलटची जागा कशी निवडली होती ते आठवा. बहुधा सर्वांत उत्साही चमू, सर्वांत चांगली रेंज आणि कार्यालयापासून जवळचं केंद्र. तिथे काहीही यशस्वी होतं. पायलट सरासरी ठिकाणी घ्या, शक्यतो एक अवघड ठिकाणही जोडा. आणि सुरू करण्याआधीच लिहून ठेवा: काय दिसलं तर पुढे जायचं, काय दिसलं तर थांबायचं, पुढे जायचं झालं तर पैसा कुठून येणार.

प्रयोगांची गर्दी स्वतःच एक ओझं होते. युगांडात मोबाइल-आरोग्याचे एकमेकांशी न जोडलेले इतके पायलट सुरू झाले, की २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने मंजुरी नसलेले प्रकल्प थांबवण्याचे आदेश दिले. एका संस्थेच्या आतही असंच होतं. प्रत्येक प्रकल्प-प्रमुख आपलं एक अ‍ॅप आणतो आणि सगळ्या अ‍ॅपांचं ओझं एकाच कार्यकर्तीच्या फोनमध्ये येऊन पडतं.

प्रशिक्षण किती दिवसांचं असावं?

सलग तीन दिवसांपेक्षा अर्धा दिवस आज, अर्धा दिवस दोन आठवड्यांनी आणि अर्धा दिवस दोन महिन्यांनी. खरे प्रश्न वापरायला लागल्यावरच पडतात. शिकवताना ‘राम, श्याम’ अशी नमुन्याची नावं न घेता ज्याने त्याने आपल्या मागच्या आठवड्याच्या खऱ्या नोंदी भराव्यात. म्हणजे प्रशिक्षण संपताना तेवढं काम झालेलं असतं. प्रत्येक केंद्रावर विचारायला एक जवळचा माणूस असावा, आणि त्याचं हे काम त्याच्या कामाच्या यादीत लिहिलेलं असावं.

संचालकांनी नेमकं काय करायचं?

स्वतः वापरायचं. आढावा बैठकीत प्रणाली पडद्यावर उघडून तिच्यातूनच आकडे पाहायचे, आणि ‘मला वेगळी शीट करून पाठव’ हे वाक्य त्या दिवसापासून बंद करायचं. ती एक शीट मागितली की खालच्या सगळ्या पायऱ्यांवर जुनी पद्धत परत सुरू होते.

लोकांची माहिती सुरक्षित कशी ठेवायची?

सर्वांत सुरक्षित माहिती म्हणजे न गोळा केलेली माहिती. जन्मतारीख हवी की नुसतं वय पुरेल? आजाराचं नाव हवं की ‘पाठपुरावा हवा’ एवढं पुरेल? संस्थांकडे जी माहिती असते ती अनेकदा माणसाच्या आयुष्यातली सर्वांत दुखरी असते: मारहाण, आजार, कर्ज, स्थलांतर. ती दुकानातल्या ग्राहक-यादीसारखी हाताळता येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने जाहीर केलं की तिच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि ५,१५,००० पेक्षा जास्त व्यक्तींची माहिती उघडी पडली. त्यात युद्ध आणि आपत्तींमुळे कुटुंबापासून ताटातूट झालेली आणि बेपत्ता माणसं होती. २०२० मध्ये ब्लॅकबॉड या देणगी-व्यवस्थापन सॉफ्टवेअर कंपनीवर खंडणीसाठी हल्ला झाला आणि तिची सेवा घेणाऱ्या अनेक देशांतल्या संस्था व विद्यापीठांच्या देणगीदारांची माहिती त्यात सापडली. मोठ्यांच्या बाबतीत हे घडतं, म्हणून लहानांनी हताश होऊ नये. लहान संस्थेतली माहिती बहुधा साध्या वाटांनी बाहेर जाते: सगळ्यांचा एकच पासवर्ड, नोकरी सोडून गेलेल्याचं चालू राहिलेलं लॉगिन, हरवलेला कुलूप नसलेला फोन, व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेली यादी. या चारही वाटा या महिन्यात, विशेष खर्च न करता बंद करता येतात.

संमती घेताना फॉर्मच्या तळाशी सही घेण्यावर थांबू नका. आम्ही काय लिहून ठेवतोय, ते कोण पाहील, आणि नको असेल तर पुसायला कुणाला सांगायचं, हे समोरच्याला कळेल अशा शब्दांत बोला. नकार दिला तरी मदत थांबणार नाही, हेही सांगा आणि पाळा.

एआयचा वापर करावा का?

पत्रांचा मसुदा, लांब दस्तऐवजाचा सारांश, भाषांतराचा पहिला खर्डा, अशा कामांत वेळ वाचतो. दोन मर्यादा मात्र काटेकोर ठेवा. कुठल्याही व्यक्तीची ओळख पटेल अशी माहिती सार्वजनिक साधनात टाकायची नाही. आणि कुणाला मदत मिळावी, कुणाला मिळू नये, हा निर्णय एआयवर सोपवायचा नाही. यंत्राने लिहिलेला आकडा किंवा दावा अहवालात जाण्याआधी मूळ नोंदीशी ताडून पाहणारा माणूस ठरवून ठेवा. चमूतले काही जण हे आधीच वापरत असतील, म्हणून बंदीचा फलक लावण्यापेक्षा एका पानाचा साधा नियम लवकर करा.

बदल रुजला हे कसं ओळखायचं?

वाटलेल्या उपकरणांवरून किंवा लॉगिनच्या संख्येवरून नव्हे. पेरूमध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या कार्यक्रमाचा ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांमध्ये अभ्यास झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती संगणक खूप वाढले होते, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांतल्या गुणांवर परिणाम आढळला नाही.

आम्ही हे पाहतो: घटना घडल्यापासून तिची नोंद होईपर्यंत किती दिवस जातात, आणि ते कमी होताहेत का? किती जुन्या वह्या खरोखर बंद झाल्या? गेल्या तीन महिन्यांत नोंदी पाहून एखादा निर्णय बदलला का? आणि कार्यकर्त्यांनी स्वतःहून ‘यात हे पण येईल का?’ असं विचारलं का? हा शेवटचा प्रश्न कानावर आला की आम्ही निश्चिंत होतो.

नाहीच चाललं तर? एवढा खर्च झालाय.

झालेला खर्च परत येत नाही, रोजचे कष्ट मात्र वाचवता येतात. तीन अहवाल-चक्रं होऊनही भरणाऱ्यांना फायदा दिसत नसेल आणि दुरुस्त्या करूनही दिसत नसेल, तर थांबवा. थांबवताना सगळ्यांना कारण सांगा, माहिती बाहेर काढून ठेवा आणि देणगीदारालाही तसंच कळवा. मनापासून प्रयत्न केलेल्या कार्यकर्त्यांना दोष लागणार नाही याची काळजी संचालकांनी स्वतः घ्यावी, कारण पुढच्या वेळी हात पुढे करणारी माणसं तीच असतात.

सगळी प्रणाली एकाच व्यक्तीला कळते. ती सोडून गेली तर?

ती असतानाच तिला दोन आठवड्यांची पूर्ण सुट्टी द्या आणि काय काय अडतं ते लिहून काढा. ती यादी म्हणजे हस्तांतराचा आराखडा. मुख्य खाती व्यक्तीच्या ईमेलवर न ठेवता संस्थेच्या ईमेलवर आणा. पासवर्ड संस्थेच्या ताब्यातल्या पासवर्ड-व्यवस्थापकात ठेवा आणि किमान दोघांना तो उघडता यावा. बॅकअप आहे असं म्हणण्याआधी तो एकदा प्रत्यक्ष परत भरून पाहा. मग दुसऱ्या एका व्यक्तीला महिन्यातून एक दिवस तिचं काम करायला द्या, ती शेजारी बसलेली असताना.